कंपन्यांच्या दिवाळी / इयर एंड पार्ट्यांचं फोटोचं काम: यावर धंदा उभा राहतो का? (पुणे)

सिंहगडरोड_क्लिक:

नमस्कार मंडळी. मी काही वर्षं एका सीनियर फोटोग्राफरकडे लग्नांना सेकंड कॅमेरा करतोय, कॅन्डिड बऱ्यापैकी जमतं, एडिटिंगही माझं मीच करतो. आता झालंय असं की खराडीतल्या एका आयटी कंपनीत माझा शाळेतला मित्र आहे, त्याच्या ओळखीने त्यांच्या दिवाळी पार्टीची एन्क्वायरी आलीये. तीनशेच्या आसपास माणसं, विमाननगरच्या हॉटेलात बँक्वेट हॉल, संध्याकाळी ७ पासून. त्यांच्या ॲडमिनचा मेल आलाय, त्यात कोटेशन मागितलंय, व्हेंडर फॉर्म जोडलाय, जीएसटी नंबर विचारलाय आणि शेवटी एक ओळ आहे की फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत. लग्नात आम्ही महिना दीड महिन्याने अल्बम देतो, इथे सकाळी म्हणजे सगळे फोटो की थोडे?

माझ्याकडे एक फुल फ्रेम बॉडी, एक जुनी क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), २४-७० आणि ८५ च्या लेन्स आणि गोडॉक्सचे दोन फ्लॅश आहेत. दुसरा शूटर म्हणून एक मित्र येऊ शकतो. रेट कसा लावायचा, तासावर की पूर्ण पार्टीचा? ड्रिंक्स आणि डान्स फ्लोअर किती काढायचं? आणि मोठा प्रश्न म्हणजे हे काम वर्षभर मिळतं का, की दिवाळी आणि डिसेंबर झाला की संपलं? घरी बाबा म्हणतायत लग्नं सोडू नकोस, पण मला खरंच या कामात शिरायचंय, दर रविवारी पहाटे ४ ला उठून हळदीला पळायचं आणि वर्षभर घरच्या एकाही कार्याला हजर राहायचं नाही हे आता नको वाटतंय. जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

---

औंध_फोटोवाला:

मित्रा, पहिल्यांदा तुझ्या मोठ्या प्रश्नाचं. उभा राहतो. मी लग्नं जवळजवळ बंद केलीत आणि घर याच कामावर चालतं. पण हे लग्नाच्या कामाचं धाकटं भावंड आहे असं समजून यात शिरू नकोस, वेगळाच धंदा आहे.

आधी कॅलेंडर बघ. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की मुहूर्त जवळपास थांबतात, ते तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि लग्नवाल्या फोटोग्राफरचे हे महिने रिकामे जातात. कंपन्यांचं नेमकं तेव्हाच सुरू असतं, १५ ऑगस्ट, ऑफिसचा गणपती, नवरात्रातले नऊ रंग (त्यात रोज टीम फोटो काढणाऱ्या कंपन्या आहेत), दसरा, दिवाळीचा एथनिक डे, बे डेकोरेशनची (आपापल्या टीमची बसायची जागा सजवायची) स्पर्धा, रांगोळी. पितृपक्षातही कुणी अडत नाही. मग डिसेंबरच्या पार्ट्या, २६ जानेवारी, ८ मार्चचा महिला दिन, त्यानंतर ॲन्युअल डे. पावसाळ्यात लोणावळा मुळशी साईडला टीम ऑफसाईट असतात ते वेगळं. आणि बहुतेक पार्ट्या गुरुवारी शुक्रवारी संध्याकाळी, कारण शनिवार रविवार लोकांना घरचा हवा असतो, म्हणजे तुझा रविवारही वाचतो. काम कमी असणारे महिने म्हणजे एप्रिल मे, तेव्हा इतर काम धरून ठेवायचं.

आता प्रत्यक्ष पार्टी. पत्रिकेवर ७ लिहिलेलं असतं, खराडीची माणसं विमाननगरला पोचणार म्हणजे जवळ आहे तरी नगर रोडचं ट्रॅफिक धरून ८ पर्यंत हॉल निम्मा रिकामा असतो, आणि याच तासाभरात तुझं निम्मं चांगलं काम होतं. लोक नुकतेच आलेले असतात, पैठण्या, कुर्ते, नथी सगळं जागच्या जागी, घाम नाही, मेकअप ताजा, आणि सगळ्यांना एकमेकांबरोबर फोटो हवा असतो. एक माणूस बॅकड्रॉपला (फोटोसाठी लावलेल्या सजवलेल्या पडद्यापाशी) उभा कर, तिथून हलायचंच नाही त्याने, आणि दुसरा फिरता. तुमच्यातला जो लोकांशी पटकन बोलतो तो बॅकड्रॉपला. कारण तिथे रांग लागते आणि रांगेतल्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपला फोटो नीट निघाला, दोन क्लिक करून पुढे ढकललं असं वाटलं की काम गेलं. टीमचे ग्रुप फोटो जेवणाआधी आणि डीजे सुरू व्हायच्या आधी उरकायचे, त्यांच्याकडून टीमची यादी आधी मागून घे आणि ॲंकरला दे, तो माईकवरून बोलवतो. एकदा डान्स सुरू झाला की वीस माणसं एका जागी गोळा करणं अशक्य. ग्रुपला ८५ वर १.८ ॲपर्चर ठेवून कॅन्डिडची सवय दाखवू नकोस, तीन ओळी असतील तर ५.६ ते ८, नाहीतर मागच्या ओळीतली माणसं धूसर येतात आणि नेमकी तीच फोटो झूम करून बघतात.

लाईटचं नीट ऐक, कारण लग्नाच्या स्टेजला व्हिडिओवाल्याचे लाईट असतात, इथे कुणाचे नसतात. बँक्वेटमध्ये वरती पिवळा लाईट, स्टेजला जांभळे गुलाबी एलईडी पार लाईट, मागे एलईडी वॉल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेवरचे साधे लाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे येत नाहीत, १/२५० ला येऊ शकतात. एलईडी वॉलचा रिफ्रेश त्याचा स्वतःचा असतो, म्हणून कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वॉलसमोर वेगवेगळ्या शटरला चार फोटो काढून बघायचे आणि जो स्वच्छ येईल तो लक्षात ठेवायचा. सायलेंट शटर अजिबात नको, मेकॅनिकलच. जांभळ्या लाईटमध्ये चेहरा फ्लॅशशिवाय दिसत नाही. छत पांढरं असेल तर फ्लॅश छताकडे वळवून बाऊन्स कर, फ्लॅशला हलकं नारिंगी जेल लाव म्हणजे मागचा पिवळा हॉल आणि पुढचा निळसर चेहरा असं होत नाही. छत काळं असेल किंवा फार उंच असेल तर बाऊन्स विसर, दुसरा फ्लॅश स्टँडवर कोपऱ्यात लाव, पण वाटेत नको, वेटर ट्रे घेऊन जातात.

डान्स फ्लोअरला १/१५ ते १/३० शटर आणि रिअर सिंकवर (शटर बंद व्हायच्या अगदी आधी उडणारा) फ्लॅश, मागच्या लाईटच्या रेघा येतात आणि माणूस स्थिर राहतो, लोकांना ते आवडतं. मात्र डीजेने लेझर लावलं असेल तर कॅमेरा त्या बाजूला वळवायचाच नाही, किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर कायमचा जळतो, मग रिपेअर नाही, बदलायलाच लागतो. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत लेझरवर पोलिसांनी बंदी घातली ती लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्यामुळे, त्यावरून ओळख.

रेट: तासावर लावू नकोस. किमान ४ तासांचं एक पॅकेज ठेव आणि पुढच्या तासाचा दर आधीच लिहून टाक, कारण १० ला संपणारी पार्टी कधीच १० ला संपत नाही. उघड्या लॉनवर असेल तर १० नंतर स्पीकर बंद करावे लागतात म्हणून डान्स लवकर उरकतो, पण बंद बँक्वेटमध्ये डीजे पुढे चालू राहतो आणि एमडी साहेब ११ ला नाचायला आले की तुला कुणी जाऊ देणार नाही. दुसऱ्या शूटरचे, त्याच रात्रीच्या एडिटिंगचे, गाडीचे, भाड्याने आणलेल्या लेन्सचे पैसे आधी मांड, त्यावर तुझे. स्टेजसाठी ७०-२०० भाड्याने घे, एका रात्रीचं भाडं काही फार नसतं, कोटेशनमध्ये धर.

---

ॲडमिन_डेस्क_हिंजवडी:

मी टेबलच्या पलीकडच्या बाजूने लिहिते, म्हणजे कोटेशन मागवणाऱ्या बाजूने. आमच्याकडे दर वर्षी तीन चार कोटेशन येतात आणि खरं सांगते, पोर्टफोलिओ आम्ही दोन मिनिटं बघतो. त्यापेक्षा जास्त बघतो की मेलला उत्तर त्याच दिवशी आलं का, कोटेशनवर तारीख, तास, किती माणसं येणार, काय देणार, कधी देणार हे स्पष्ट आहे का. 'रेट फोनवर बोलू' असं लिहिणाऱ्याला आम्ही पुढे पाठवूच शकत नाही, कारण ते कोटेशन फायनान्सला जोडायचं असतं.

सकाळी फोटो हवेत याचा अर्थ सगळे नाही. सकाळी ९ वाजता आमच्या हेडचा सगळ्या स्टाफला थँक्यू मेल जातो आणि लिंक्डइनवर पोस्ट पडते, त्यासाठी २० ते ३० फोटो, नीट निवडलेले, आडवे जास्त. बाकीचे चार पाच दिवसांत चालतात. हे तुम्हीच कोटेशनमध्ये लिहा, सकाळी ८ पर्यंत ३० फोटो आणि उरलेले पाच दिवसांत, ॲडमिनवाल्यांना हायसं वाटतं. फोल्डरला नावं द्या, बॅकड्रॉप, स्टेज, अवॉर्ड, टीम, डान्स. नुसते डीएससी १२३४ असे हजार फोटो ड्राइव्हवर टाकले की आम्हाला दोन दिवस त्यातून शोधत बसावं लागतं.

हातात ग्लास असलेला एकही फोटो देऊ नका, कोल्ड्रिंकचा असला तरी नको, फोटोत कळत नाही. फोटो काढताना नुसतं 'ग्लास जरा खाली ठेवता का सर' म्हणायचं, कुणी रागावत नाही. घास तोंडात असतानाचे नको. डान्स फ्लोअरवर मुलींचे लांबून झूम करून फोटो काढायचे नाहीत, ग्रुपमध्ये, समोरून, त्यांना दिसेल असे काढा. आमच्याकडे एका वर्षी बाहेरून आलेल्या फोटोग्राफरबद्दल दोन मुलींनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं होतं, त्याला परत बोलावलं नाही. ऑफिसची पार्टी म्हणजे कामाची जागाच असते, हे लक्षात ठेवून वागणारा माणूस आम्ही वर्षानुवर्षं बदलत नाही. कुणी म्हणालं माझा फोटो काढू नका किंवा हा डिलीट करा तर तिथेच डिलीट, कारण विचारायचं नाही.

आणखी एक, हे माझ्या अगदी मनातलं आहे. बहुतेक फोटोग्राफर स्टेज, डायरेक्टर, व्हीपी आणि चार सुंदर दिसणारे चेहरे यांच्याच मागे असतात. पार्टीला आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीचे काका, पँट्रीतली मुलं, कॅब डेस्कवाले पण येतात, नवीन साडी नेसून, भांग पाडून येतात, आणि बॅकड्रॉपपासून लांब एका टेबलाला बसून राहतात कारण त्यांना वाटतं ते आपल्यासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलाने स्वतःहून त्यांच्या टेबलावर जाऊन विचारलं, मावशी चला ना तुमचा ग्रुप काढू, आणि सहाही जणींना बॅकड्रॉपला नेऊन प्रत्येकीचा वेगळा फोटोसुद्धा काढला. एकीने तो मोबाईलला वॉलपेपर ठेवलाय, मला लिफ्टमध्ये दाखवला. त्या मुलाचं कोटेशन सगळ्यात कमी नव्हतं, तरी पुढच्या वर्षी मी भांडून त्यालाच काम दिलं.

---

सिंहगडरोड_क्लिक:

ताई, दादा, दोघांनाही खूप धन्यवाद, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. ताई, एक विचारू का, हल्ली ते क्यूआर कोड स्कॅन करून सेल्फी टाकला की आपले आपले फोटो मोबाईलवर येतात तसली सिस्टीम असते ना, ती द्यावी का? लग्नात लोकांना फार आवडते. आणि दुसरं, हे फोटो मी माझ्या इन्स्टावर टाकू शकतो का? त्याशिवाय पुढचं काम कसं मिळणार. मेलमध्ये 'ड्रोन असल्यास कळवा' असंही आहे.

---

ॲडमिन_डेस्क_हिंजवडी:

क्यूआरवालं आवडतं लोकांना हे खरं, पण कंपनीला विचारल्याशिवाय चालू करू नका. चेहरा ओळखणारी सिस्टीम म्हणजे स्टाफच्या चेहऱ्यांची माहिती कुठल्यातरी बाहेरच्या सर्व्हरवर जाते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आल्यापासून आमचं लीगल तर लगेच विचारतं, डेटा कुठे राहतो, किती दिवसांनी पुसला जातो, स्टाफची संमती कशी घेतली. याची उत्तरं लिहून तयार असतील तरच सुचवा. आमच्याकडे साधी पासवर्डवाली लिंक, ३० दिवसांची, एवढंच चालतं.

---

औंध_फोटोवाला:

मला ताईंचं इथे पूर्ण पटत नाही. विचारून करावं हे बरोबर, पण तीनशे लोकांच्या पार्टीत प्रत्येकाला आपले फोटो हजार फोटोंतून शोधायला लावले तर निम्मे लोक शोधतच नाहीत, आणि मग काढलेल्या फोटोंचा उपयोग काय. मी छोट्या कंपन्यांना देतो, एमएनसी असेल तर देत नाही. कोटेशनमध्ये वेगळी ओळ ठेव, 'हवं असेल तर' असं लिहून, निर्णय त्यांचा.

इन्स्टाचं मात्र नीट समजून घे कारण यात लग्नवाले हमखास फसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात कलम १७ आहे, त्यात असं आहे की कुणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तर त्या फोटोंचा पहिला मालक तो सांगणारा असतो, काढणारा नाही. म्हणजे कंपनीने पीओ (परचेस ऑर्डर, कामाची लेखी ऑर्डर) दिला, तू पार्टी काढलीस, तर फोटो कंपनीचे. करारात एक ओळ घालून घ्यायची, की फोटोग्राफरला निवडक १५ फोटो कंपनीच्या मान्यतेनंतर स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील. मोठ्या कंपन्या सोशल मीडियाला नाही म्हणतात पण पुढच्या क्लायंटला पीडीएफमध्ये दाखवायला हो म्हणतात, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. कंपनीला तेही टाळायचंच असेल तर हॉलचे, सजावटीचे, रांगोळीचे, दिव्यांचे असे माणसं नसलेले फोटो तरी माग, ते सहसा देतात.

ड्रोनला विमाननगरमध्ये नाही म्हण. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे आणि तुझं हॉटेल त्याच्या अगदी जवळ. डिजिटल स्काय नावाचा सरकारी नकाशा आहे, त्यावर रेड, यलो, ग्रीन झोन दिसतात, रेडमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. बँक्वेटच्या आतल्या पार्टीला ड्रोन कशाला लागतो हाही प्रश्नच आहे. मुळशीकडच्या ऑफसाईटला विचारतील तेव्हा नकाशा बघून, ज्याच्याकडे रीतसर लायसन्स आहे अशा माणसाला बरोबर ने.

---

चाकण_सेकंडशिफ्ट:

सगळे आयटीचंच बोलतायत म्हणून लिहितो. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात प्लांटचं काम बघा, तिथे स्पर्धा कमी आहे कारण फोटोग्राफर लोकांना वाटतं तिथे ग्लॅमर नाही. मी एका प्लांटमध्ये कामाला आहे आणि आमची वेलफेअर कमिटी फोटोवाला ठरवते, त्यामुळे जवळून बघतो. आमच्याकडे ख्रिसमस पार्टी वगैरे नसते, आमचा सण म्हणजे खंडेनवमी. मशीन धुवून पुसून, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, सगळी शिफ्ट एकत्र, त्या दिवशी बायको पोरांना आत येऊन बाबा कुठे काम करतो ते बघायला मिळतं. मग फॅमिली डे, आणि लाँग सर्व्हिस अवॉर्ड.

आत यायचं तर गेटवर कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप सगळ्याचे सीरियल नंबर लिहून द्यावे लागतात, बाहेर जाताना जुळवतात, त्यामुळे यादी टाईप करून आणा म्हणजे अर्धा तास वाचतो. सेफ्टी शूज स्वतःचे आणा. लाईनवर काय काढायचं नाही ते सेफ्टीवाल्याला आधी विचारा, डाय (मशीनमधले साचे), फिक्स्चर, भिंतीवरचे प्रॉडक्शनचे बोर्ड, नवीन मॉडेलचे पार्ट, यातलं मागे चुकून आलं तरी फोटो बाद होतो.

आमच्या प्रेस शॉपमधले एक मामा, २५ वर्षं एकाच प्रेसवर. अवॉर्डला स्टेजवर घड्याळ आणि सर्टिफिकेट दिलं, फोटो निघाला, पण ते म्हणाले मला माझ्या मशीनबरोबर फोटो पाहिजे, घरी लावायचाय. फोटोवाला मुलगा गेला प्लांट हेडकडे, परवानगी काढली, आणि खंडेनवमीला मशीनला माळ घातलेली असताना अशा बाजूने काढला की डायचा भाग झेंडूच्या माळेमागे गेला आणि दिसतो तो फक्त प्रेसचा हिरवा खांब, त्यावर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, आणि मामांचा एक हात मशीनवर ठेवलेला. मामांनी नवीन टोपी घातली होती, तिची घडीची रेघ पण दिसते फोटोत. ८ बाय १२ ची फ्रेम करून दिली. त्यानंतर बाकी अवॉर्डवाल्यांनी पण मागितले आणि कमिटीने ते बिलात घेतले. म्हणजे प्रिंटचं काम मेलेलं नाही हो, आमच्याकडे अजून लोकांना हातात फोटो लागतो.

---

हिशेबनीस_पुणे:

फोटोचं मला कळत नाही पण माझ्याकडे असे बरेच फोटोग्राफर, डेकोरेटर येतात, त्यांच्या पैशांचं जे अडतं ते सांगते.

जीएसटी: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही, फॉर्ममध्ये 'नोंदणी लागू नाही' म्हणून लिहायचं, बऱ्याच कंपन्या एक साधं डिक्लेरेशन घेऊन पुढे जातात. काही कंपन्यांच्या सिस्टीममध्ये नंबरशिवाय व्हेंडर कोडच बनत नाही, मग स्वखुशीने नोंदणी घ्यायची का ते ठरवा. घेतलीत तर १८ टक्के लावायचा आणि एक गोष्ट लक्षात ठेवायची, कर बिल केल्यावर भरायचा असतो, कंपनीचे पैसे आल्यावर नाही. पार्टी डिसेंबरची, पैसे मार्चमध्ये, आणि जीएसटी जानेवारीत खिशातून, असं होतं.

टीडीएस (कंपनी बिलातून आधीच कापते तो आयकर): कुणी तुम्हाला प्रोफेशनल धरून १० टक्के कापतं, कुणी काँट्रॅक्टर धरून १ टक्का (एकट्या व्यक्तीला). आधी विचारून घ्या, कारण हातात येणारी रक्कम बदलते. कापलेला पैसा बुडत नाही, आयकराच्या साईटवर तुमच्या पॅनखाली दिसतो, रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत येतो. पॅन दिला नाही तर २० टक्के जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, आधार आणि पॅन पुरतो, पैसे मागणाऱ्या एजंटच्या साईटवर जाऊ नका. एकदा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की कायद्याने कंपनीने करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष देतील त्या वर्षी मिळतो. याची फायनान्सवाल्यांना चांगली जाण असते. म्हणून उद्यम नंबर बिलावर ठळक छापा, भांडायची वेळच येत नाही, मार्च जवळ आला की ते स्वतःहून फोन करतात. तरी कुणी अडवलंच तर छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण माझा अनुभव असा की नंबर छापलेला असला की बहुतेक प्रकरणं तिथपर्यंत जात नाहीत.

आणि पीओ हातात आल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. 'तुम्ही या हो, पीओ दोन दिवसांत येईल' हे ऐकून गेलेल्या माणसांची बिलं मी सहा सहा महिने अडकलेली बघितली आहेत, कारण सिस्टीममध्ये पीओची तारीख कार्यक्रमानंतरची पडली की ऑडिटला उत्तर द्यावं लागतं आणि मग कुणीच सही करत नाही.

---

सिंहगडरोड_क्लिक:

उद्यम आत्ताच करून टाकली, खरंच पंधरा मिनिटांत झाली. कोटेशन असं बनवलंय, ४ तास, दोन शूटर, सकाळी ८ पर्यंत ३० फोटो, बाकी पाच दिवसांत फोल्डरप्रमाणे, पुढच्या प्रत्येक तासाचा दर वेगळा, क्यूआर गॅलरी वेगळी ओळ, नमुन्यासाठी १५ फोटो मान्यतेनंतर, ॲडव्हान्स ५० टक्के. ॲडव्हान्स देतील का हो? आणि त्याच रात्री ३० फोटो कसे बसवायचे, पार्टी ११ ला संपली, घरी पोचायला १२.

---

ॲडमिन_डेस्क_हिंजवडी:

ॲडव्हान्स आमच्यासारख्या कंपन्या सहसा देत नाहीत, पॉलिसीतच नसतं, त्यामुळे तेवढ्यावरून कोटेशन बाद होऊ देऊ नका. त्याऐवजी लिहा की तारीख रद्द झाली तर किती दिवस आधी कळवल्यास किती टक्के, ते मान्य होतं. छोट्या कंपनीत मालकच सही करतो, तिथे मागा, मिळतो. आणि गेटला द्यायच्या सामानाच्या यादीत तुमच्या बरोबर येणाऱ्या मित्राचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर पण द्या, हॉटेलच्या गेटला नाही पण ऑफिसात कार्यक्रम असेल तर लागतोच.

---

औंध_फोटोवाला:

सगळं एडिट घरी जाऊन करायचं नाही. जेवण सुरू झालं की अर्धा तास तुला कुणी विचारत नाही, तेव्हा मित्राला फ्लोअरवर ठेव आणि तू लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बस, हॉटेलवाल्याला आधी सांगून एक टेबल आणि प्लग पॉइंट मागून ठेव. कॅमेऱ्यातच शूट करता करता चांगल्या फोटोला स्टार देत जायचं, म्हणजे निवड आपोआप होते, मग फक्त स्टारवाले घ्यायचे, एक प्रीसेट, व्हाईट बॅलन्स आणि क्रॉप, बस. स्टेज, अवॉर्ड, बॅकड्रॉपचे २० तिथेच होतात, डान्सचे १० रात्री घरी. निवडताना एकच माणूस पाचदा नको, आणि एचआरकडून डायरेक्टर लोकांचे फोटो आधी मागव म्हणजे कोण कोण ते कळेल.

तुझी क्रॉप बॉडी एका कार्ड स्लॉटची असेल तर ती फिरत्या कामाला वापर, अवॉर्ड आणि स्टेज दोन स्लॉटवाल्या बॉडीवरच, दोन्ही कार्डवर एकदम सेव्ह. अवॉर्ड परत देता येत नाही कुणाला. फ्लॅशचे सेल चार सेट चार्ज करून ने, बॅकड्रॉपचा फ्लॅश तीन तास सतत उडतो.

आणि उद्या सकाळी हॉटेलच्या बँक्वेट मॅनेजरला फोन कर, छत किती उंच, रंग कोणता, एलईडी वॉल कुणाची, डीजे कोण आणि लेझर आहे का, एवढं विचार. वॉलवाल्याचा नंबर मिळाला तर त्याला सेटअपची वेळ विचारून त्या वेळी पोच, तेव्हाच टेस्ट होते, नंतर तो वॉल बंद करून जेवायला जातो.